हृदयाची जोखीम आणि सीमेवरचा डॉक्टर

मराठी भाषेत 'जोखणे' आणि 'जोखीम' हे दोन शब्द शेजारी नांदतात. तराजूत घालून वजन करणे म्हणजे जोखणे. आणि व्यवहारात तोट्याची जी शक्यता पत्करावयाची ती जोखीम. जुन्या सावकारीत 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावयाचे, असा तिचा करार असे. वाटेतील धोका किती आहे हे अगोदर जोखल्यावाचून शहाणा मुनीम त्या हुंडीला हात लावीत नसे. मनुष्याच्या हृदयाच्या बाबतीत मात्र ही व्यवहारबुद्धी वैद्यकाला फार उशिरा सुचली. छातीत कळ आल्यावर धावाधाव करावयाची, एवढेच शतकानुशतके वैद्याच्या हाती होते. कळ येण्यापूर्वी दहा वर्षे धोका जोखावा, ही कल्पना पुरती शंभर वर्षेही जुनी नाही. आणि खेड्यातील दवाखान्यात ती रुजविण्याचे काम तर आजही चालूच आहे.

बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांत या कामाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतून मराठी, कानडी, तेलुगू आणि दख्खनी उर्दू या चारही भाषा कानावर पडतात. या मुलखाने राजवटी बदलताना पाहिल्या, राज्यांच्या सीमा बदलताना पाहिल्या, आणि डॉक्टरांच्या शिक्षणाची भाषाही अनेकवार बदलताना पाहिली. प्रत्येक काळी एक प्रश्न मात्र कायम राहिला: वैद्याला शिकविले जाते ते रोग्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचते काय?

बहमनी रुग्णालय आणि गवानची मद्रसा

पंधराव्या शतकात बहमनी सुलतानांनी आपली राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की, 1436 मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या अल्लाउद्दीन अहमदशहाने बीदर येथे एक रुग्णालय बांधले, त्याच्या खर्चासाठी गावे तोडून दिली, आणि रोग्यांच्या औषधापाण्याबरोबर त्यांच्या अन्नाचीही सोय केली. याहूनही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तेथे मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य अशा दोघांचीही नेमणूक झाली होती. पुढे 1472 च्या सुमारास वजीर महमूद गवान याने बीदरमध्ये आपली प्रसिद्ध मद्रसा उभारली. तिच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. 1481 मध्ये खोट्या आरोपावरून गवानचा शिरच्छेद झाला. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्फोटाने मद्रसेचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. निळ्याहिरव्या फरशांचा तिचा उरलेला मिनार आजही बीदरच्या वस्तीत उभा आहे.

त्या काळच्या वैद्यकाला हृदयाचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. चरकाने हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आणि हृदयाची गणना शरीराच्या तीन प्रधान मर्मांत केली. यूनानी परंपरेत इब्न सीनाने हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. वैद्य आणि हकीम दोघेही नाडीवर बोट ठेवून रोगाचा अंदाज घेत. परंतु नाडी हाताला लागते ती आजची. उद्याचा धोका तिच्यात मोजता येत नाही. धमनीतील रक्ताचा दाब चढला असूनही मनुष्य हसतो, खेळतो, शेतात राबतो. आणि नाडीपरीक्षेत अत्यंत निष्णात असलेल्या हातालाही तो दाब अंकात सांगता येत नाही. हे अज्ञान बहमनी दरबाराचे एकट्याचे नव्हे. ते त्या वेळी साऱ्या जगाचेच होते.

हैदराबादचा क्लोरोफॉर्मवाद

पुढे हा मुलूख निजामाच्या राज्यात गेला आणि त्याच्या वैद्यकशिक्षणाचे केंद्र हैदराबाद झाले. 1846 मध्ये रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. मॅक्लीन यांच्या हाताखाली तेथे वैद्यकशाळा सुरू झाली. शिक्षणाची भाषा उर्दू होती. पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषेत शिकविण्याचा हा आरंभीच्या प्रयोगांपैकी एक होय.

याच वैद्यकशाळेने हृदयाविषयीच्या एका जगप्रसिद्ध वादाला जन्म दिला. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताना काही रोगी टेबलावरच अकस्मात दगावत. एक पक्ष म्हणे की हे औषध हृदयावर आघात करते, म्हणून नाडीवर लक्ष ठेवावे. एडिंबरोच्या परंपरेतला दुसरा पक्ष म्हणे की आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासाकडेच पाहावे. 1885 पासून हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन असलेले एडवर्ड लॉरी हे या दुसऱ्या पक्षाचे कडवे पुरस्कर्ते. त्यांनी 1888 मध्ये एक आयोग बसविला. त्याच्या निष्कर्षावर इंग्लंडात टीका झाली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी द्रव्य दिले, लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राने लॉडर ब्रंटन या नामांकित वैद्याला पाठविले, आणि 1889 मध्ये दुसरा आयोग भरला. चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी त्यांत भाग घेतला. पुढे भूलतज्ज्ञ म्हणून नाव मिळविलेल्या रूपाबाई फर्दुनजी याच वैद्यकशाळेच्या. आयोगाचा निर्णय झाला: हृदयाला भय नाही, श्वास सांभाळा.

हा निर्णय अपुरा होता. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची मात्रा हलकी असताना हृदयाचे स्पंदन अकस्मात विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. श्वासावर लक्ष ठेवण्याचा लॉरी यांचा आग्रह उपयुक्त खराच. परंतु हृदयाकडे पाहूच नका, हा त्यांचा उपदेश धोक्याचा ठरला. दख्खनमधील डॉक्टरांच्या एका पिढीने मात्र तो निष्ठेने पाळला, कारण त्यांना तो आपल्या गुरूकडून मिळाला होता. या प्रकरणाचा बोध आजही जुना झालेला नाही. डॉक्टरांना शिकविणे एवढ्यानेच रोग्याचे कल्याण होत नाही. जे शिकविले ते पुनःपुन्हा तपासावे लागते, आणि गुरूचे वचन अनुभवाच्या काट्यावर ठेवावे लागते.

न दुखणारा रोग

1896 मध्ये तुरिन येथील रिवा-रोची या इटालियन वैद्याने दंडाला बांधावयाचा रबरी पट्टा आणि पाऱ्याची नळी यांच्या साहाय्याने रक्तदाब मोजण्याची सोपी युक्ती काढली. 1905 मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली नळी लावून धमनीतील ध्वनी ऐकण्याची रीत दिली. वरचा आकडा आणि खालचा आकडा असे आज गावोगाव जे बोलले जाते ते या दोघांचे देणे आहे.

आकडा हाती आला, पण त्याचे काय करावयाचे हे अर्ध्या शतकापर्यंत ठरेना. आकसलेल्या धमन्यांतून रक्त ढकलण्यासाठी वाढलेला दाब शरीराला आवश्यकच असतो, तो उतरविला तर अपायच होईल, असे चांगले चांगले वैद्य समजत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत होता. तरीही त्यांची प्रकृती उत्तम असल्याचे जगाला सांगितले जात होते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. ज्या मनुष्याच्या दाराशी जगातले उत्तमोत्तम डॉक्टर उभे होते त्याची ही स्थिती, मग औरादच्या शेतकऱ्याची काय कथा?

उपचाराचा एक धागा मात्र हिंदुस्थानातून गेला, आणि तोही मुंबईहून. सर्पगंधा ही वनस्पती देशी वैद्यकात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर अभ्यास केला आणि 1949 मध्ये तो ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. 1952 मध्ये तिच्यातील रिसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. 1957 मध्ये वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. याच रिसर्पीनचा समावेश असलेल्या तीन औषधांचा प्रयोग अमेरिकेतील निवृत्त सैनिकांवर झाला. एडवर्ड फ्राइस यांनी 1967 मध्ये त्याचे फळ जाहीर केले. फार चढलेला दाब असलेले 143 पुरुष घेतले होते. त्यांपैकी सुमारे निम्म्यांना औषध दिले, उरलेल्यांना नुसत्या निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत 27 जणांवर गंभीर आपत्ती ओढवली. औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांवर. ज्याला काहीच दुखत नाही अशा मनुष्याला औषध का द्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले.

फ्रेमिंगहॅमचा धडा

रूझवेल्ट गेले त्यानंतर तीन वर्षांनी, 1948 मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या लहानशा नगरात एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. 5209 स्त्रीपुरुषांची तपासणी करून त्यांना वर्षानुवर्षे पाहत राहावयाचे, आणि पुढे कोणाला हृद्रोग होतो व कोणाला होत नाही हे नोंदवावयाचे, एवढाच त्याचा आराखडा. 1961 मध्ये त्या अभ्यासातील विल्यम कॅनेल आणि त्यांचे सहकारी यांनी 'जोखमीचे घटक' ही संज्ञा प्रचारात आणली. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, तंबाखूचा धूर, मधुमेह, वय ही त्यांतील प्रमुख नावे.

या विचाराचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पंचेचाळीस वर्षांची एक बाई दवाखान्यात आली आहे. तिचा वरचा दाब 150 आहे. तिला मधुमेह नाही, ती तंबाखूला शिवत नाही. तिच्यामागे बासष्ट वर्षांचा एक पुरुष उभा आहे. त्याचा दाब 142 आहे. पण त्याला मधुमेह आहे आणि दिवसाकाठी बिडीचे एक बंडल तो संपवितो. नुसता आकडा पाहणारा डॉक्टर बाईची चिंता करील आणि त्या गृहस्थांना "मामा, तुमचं ठीक आहे" म्हणून वाटेला लावील. सर्व घटक एकत्र जोखणारा डॉक्टर मात्र ओळखील की येत्या दहा वर्षांत हृदयाचा किंवा मेंदूचा झटका येण्याचा संभव मामांना कितीतरी अधिक आहे. दोघांनाही उपचार हवेतच. पण मामांना घरी पाठवून चालणार नाही.

हे गणित खेड्यातील डॉक्टरांना तोंडाने करता येत नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रंगीत तक्ते काढले आणि 2019 मध्ये ते सुधारून पुन्हा प्रसिद्ध केले. सुधारित तक्त्यांच्या पाठीशी 85 अभ्यासगटांतील पावणेचार लाखांवर माणसांची माहिती आहे, आणि जगाच्या 21 विभागांसाठी ते वेगवेगळे आहेत. चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या मनुष्याचे वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरून चौकोन शोधावयाचा. हिरव्यापासून गडद लालपर्यंत त्याचा रंग पाहावयाचा. रक्त तपासण्याची सोय नसेल तेथे उंची व वजन यांच्या प्रमाणावरून चालणारा दुसरा तक्ता आहे. ज्या आरोग्यकेंद्रात प्रयोगशाळेचा माणूस आठवड्यातून दोनच दिवस येतो, तेथे या दुसऱ्या तक्त्याचे मोल सांगावयास नको.

तक्ता हे साधन आहे, शेवटचा शब्द नव्हे. हेही डॉक्टरांना शिकविले पाहिजे. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 52 देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसून आले की दक्षिण आशियातील लोकांना हृदयाचा पहिला झटका इतर जगापेक्षा लवकर येतो. मध्यम वय येथे सुमारे 53, तर इतरत्र सुमारे 59. चाळिशीच्या आतील माणूस तर तक्त्यात बसतच नाही. कन्नड नट पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 रोजी हृदयविकाराने गेले तेव्हा त्यांचे वय अवघे 46 होते, आणि त्यानंतर कर्नाटकातील हृद्रोगाच्या दवाखान्यांत तरुणांची रीघ लागली. शिवाय आपल्याकडे तंबाखू बिडीतून जितकी जाते तितकीच चुन्याबरोबर दाढेखालीही जाते. तक्ता विचारतो तो फक्त धुराविषयी. या त्रुटी ज्याला ठाऊक आहेत तोच तक्ता शहाणपणाने वापरील.

सीमारेषा आणि वैद्यकशाळा

1946 मध्ये भोर समितीने खेड्यापाड्यांतून प्राथमिक आरोग्यकेंद्रांची कल्पना मांडली, आणि 1952 पासून सामूहिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. साथीचे रोग, प्रसूती, लसटोचणी ही त्यांची प्रमुख कामे. ते योग्यच होते; कारण पटकी, देवी आणि हिवताप यांनी माणसे मरत होती. रक्तदाबाचे यंत्र डॉक्टरांच्या मेजावर असे, पण ते मागणाऱ्याच्या दंडाला बांधले जाई.

इकडे 1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि बीदर जिल्ह्याचे तीन भाग झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हे म्हैसूर राज्यात आले. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेले भालकी आणि उदगीर एका दिवसात दोन राज्यांत पडले. सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजार तुटले नाहीत, आणि रोगीही आपल्या जुन्या वाटा सोडीनात. आजही औरादचा माणूस उदगीरला किंवा लातूरला जातो, आळंदचा सोलापूरला जातो, बीदरचा हैदराबादची गाडी धरतो.

या भागाला स्वतःची वैद्यकशाळा हवी, ही गरज हैदराबाद कर्नाटक शिक्षण संस्थेने ओळखली. 1958 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने 1963 मध्ये गुलबर्गा येथे वैद्यकीय महाविद्यालय काढले. संस्थेचे संस्थापक महादेवप्पा रामपुरे यांचे नाव ते आज धारण करते. योगायोग असा की त्याच वर्षी सोलापुरातही वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि सीमेच्या दोन्ही अंगांना डॉक्टर तयार होऊ लागले. अलीकडे बीदर आणि कलबुर्गी येथे शासकीय वैद्यकसंस्थाही उभ्या राहिल्या. 2024 च्या डिसेंबरात बंगळूरच्या जयदेव हृद्रोग संस्थेच्या 371 खाटांच्या नव्या रुग्णालयाचे कलबुर्गीत उद्घाटन झाले. या प्रदेशाला विशेष तरतूद देणाऱ्या राज्यघटनेच्या 371 (जे) या अनुच्छेदाची आठवण त्या आकड्यात आहे.

राज्याने 2023-24 मध्ये पुनीत राजकुमार यांच्या नावाने 'हृदय ज्योती' योजना काढली. तालुक्याच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढावयाचा, तो दूरच्या तज्ज्ञाला तत्काळ दाखवावयाचा, आणि झटका असल्यास रक्ताची गुठळी विरघळविणारे महागडे इंजेक्शन तेथल्या तेथे मोफत द्यावयाचे, अशी ही व्यवस्था. तिने वेळ वाचतो. आणि झटक्यात वेळ म्हणजेच हृदयाचा जिवंत स्नायू.

तथापि हे सारे झटका आल्यानंतरचे झाले. 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने आपली जन आरोग्य योजना सीमेपलीकडच्या 865 मराठी गावांना लागू करण्याचे ठरविले, कर्नाटक शासनाने त्यास हरकत घेतली, आणि वृत्तपत्रांतून पुष्कळ वाद झाला. राज्यांचा तंटा राज्ये सोडवतील. परंतु अशी कार्डे, मग ती कोणत्याही राज्याची असोत, प्रामुख्याने शस्त्रक्रियेच्या आणि रुग्णालयाच्या दारात उपयोगी पडतात. पन्नाशीच्या निरोगी दिसणाऱ्या शेतकऱ्याच्या दंडाला वर्षातून दोनदा पट्टा बांधण्याचे काम कोणतेही कार्ड करीत नाही. ते गावाजवळच्या डॉक्टरांनाच करावे लागते.

शिकविणे आणि पोहोचविणे

या डॉक्टरांना शिकविण्याचे प्रयत्न गेल्या दोन दशकांत पुष्कळ झाले. 2010 पासून पब्लिक हेल्थ फाउंडेशनने मधुमेहाविषयी आणि पुढे रक्तदाबाविषयी कामावर असलेल्या डॉक्टरांसाठी अभ्यासक्रम चालविले. त्याच वर्षी केंद्र शासनाने कर्करोग, मधुमेह, हृद्रोग व पक्षाघात यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 17 मे 2023 रोजी साडेसात कोटी लोकांना रक्तदाब व मधुमेहाच्या प्रमाणित उपचाराखाली आणण्याचा संकल्प जाहीर झाला, तेव्हा प्राथमिक केंद्रांतील 40,000 वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचेही योजले गेले.

प्रयोगांतून मिळालेले धडे मात्र नम्र करणारे आहेत. आंध्रच्या खेड्यांत गावपातळीवरील आरोग्यसेवकांना धोका जोखावयास शिकविले, तेव्हा जोखमीची माणसे अधिक संख्येने सापडली. परंतु त्यांचे औषध घेणे त्या मानाने वाढले नाही. हरियाणा आणि कर्नाटकातील 40 सामुदायिक आरोग्यकेंद्रांत 'एमवेलकेअर' नावाचा प्रयोग झाला. त्याचे फळ 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत परिचारिकेच्या हाती उपचाराचा सल्ला देणारे संगणकयंत्र दिले. उरलेल्या केंद्रांत डॉक्टर व परिचारिका यांना प्रशिक्षण आणि भिंतीवरचे तक्ते एवढेच दिले. सुमारे 3700 रोग्यांना वर्षभर पाहिले. रक्तदाब आणि साखर दोन्हीकडे उतरली; यंत्रामुळे फरक पडला असे मात्र दिसले नाही.

यावरून प्रशिक्षण व्यर्थ आहे असे कोणी म्हणेल तर ती चूक होईल. जोखमीचा माणूस ओळखला, पण केंद्रात गोळ्या नाहीत; गोळ्या आहेत, पण महिन्याने तो परत आला की नाही हे पाहणारी नोंदवही नाही; नोंदवही आहे, पण शिकलेल्या डॉक्टरांची बदली झाली. अशा साखळीत एक कडी कितीही भक्कम केली तरी ओझे उचलले जात नाही.

साखळी पूर्ण केली तर काय होते, याचे प्रत्यंतर महाराष्ट्रातच मिळाले. 2017 च्या नोव्हेंबरात पाच राज्यांच्या 25 जिल्ह्यांत रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. प्रत्येक राज्यासाठी उपचाराची एकच सोपी पायरीवार पद्धत ठरविली, मोजकीच औषधे पण ती पुरेशी ठेवली, परिचारिका आणि आरोग्यसेवक यांना डॉक्टरांच्या जोडीला घेतले, औषध घराजवळ नेले, आणि कोण आला नाही याची नोंद ठेवली. उपचाराखालील सुमारे निम्म्या लोकांचा दाब आटोक्यात आला. 2022 मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या वतीने पारितोषिक मिळाले. शिक्षण तेथे व्यवस्थेच्या कुशीत होते, म्हणून ते टिकले.

चार भाषांचा रोगी

सीमाभागात या साखळीला आणखी एक कडी लागते, ती भाषेची. कानडी रोगी 'एदे नोवु' म्हणतो, मराठी रोगी 'छातीत कळ आली' म्हणतो. हे कोणत्याही डॉक्टरांना कळेल. पण पुष्कळदा तो छातीचे नावच काढीत नाही. 'पित्त उठलंय', 'गॅस धरलाय', 'बांध चढताना दम लागतो', 'डावा हात भरून येतो', असे तो सांगतो. बाया तर 'गळून गेल्यासारखं होतंय' एवढेच सांगून गप्प बसतात. मंगळूर किंवा म्हैसूरकडून आलेला तरुण डॉक्टर कितीही हुशार असला तरी ही भाषा त्याला पुस्तकात सापडत नाही. ती त्याला शिकविणारी माणसे म्हणजे केंद्रातील जुनी परिचारिका आणि गावची आशाताई.

उलट दिशेचे भाषांतर त्याहून कठीण आहे. 'तुमची जोखीम शेकडा वीस आहे' या वाक्याने भालकीच्या मावशींना काय कळावे? पण 'मावशी, तुमच्यासारख्या शंभर जणी असल्या तर दहा वर्षांत त्यांतल्या वीस जणींना झटका येतो. गोळी रोज घेतली, मीठ-लोणचं कमी केलं, मिश्री सोडली तर त्यांतल्या कित्येक वाचतात', असे सांगितले तर बाजारहाट करणाऱ्या बाईला हिशेब लगेच उमगतो. दुखत नसताना गोळी का घ्यावयाची, हा तिचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. 1967 पर्यंत मोठमोठे वैद्यही तोच विचारीत होते. त्याचे उत्तर शांतपणे देणे हाच उपचाराचा पहिला भाग आहे.

मोजण्याचे शिक्षणही असेच साधे आणि असेच दुर्लक्षित आहे. रोग्याला पाच मिनिटे स्वस्थ बसवावे, पाठीला आधार द्यावा, हात हृदयाच्या पातळीला ठेवावा, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर बांधावा, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू झालेली नसावी, आणि दोनदा मोजावे. रांगेत उभ्या असलेल्या, उन्हातून चालत आलेल्या माणसाचा घाईने घेतलेला आकडा कधी निरोग्याला रोगी ठरवितो, तर कधी रोग्याला निरोगी. पायाच चुकला तर वरचा रंगीत तक्ता काय करणार?

बीदरच्या जुन्या रुग्णालयात वैद्य आणि हकीम एका छपराखाली बसत होते, आणि त्यांच्या औषधासाठी गावांचे उत्पन्न बांधून दिलेले होते. ज्ञान, औषध आणि अन्न यांची सोय एकत्र करावी लागते, हे त्या सुलतानाला कळले होते. आज ज्ञान कितीतरी पटींनी वाढले आहे. ते औरादच्या आरोग्यकेंद्रात पोहोचावयाचे तर डॉक्टरांना एकदा नव्हे, दर वर्षी शिकविले पाहिजे. शिकविणाऱ्याने त्यांच्या कपाटात गोळ्या आहेत की नाहीत हेही पाहिले पाहिजे. आणि रोग्याच्या खिशात त्याच्या रक्तदाबाची एक छोटी वही असली पाहिजे, जी उदगीरच्या डॉक्टरांना वाचता येईल आणि बीदरच्याही. सीमेच्या अलीकडे मोजलेला दाब सीमेच्या पलीकडे बदलत नाही. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने दवाखान्यात कोणत्याही कारणाने पाऊल टाकले तरी आधी हात पुढे करावा आणि "डॉक्टरसाहेब, जरा दाब बघा" म्हणावे. एवढी सवय या मुलखाला लागली तरी पुष्कळ घरांतील कर्ती माणसे घरीच राहतील.